हाणामारीच्या चित्रपटांतील पर्यावरणबोध : 'मालेगाव का सुपरमॅन'च्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रास्ताविक

हाणामारीचा चित्रपट हा आपल्याकडील सर्वाधिक पाहिला जाणारा आणि सर्वांत कमी अभ्यासला जाणारा चित्रपटप्रकार होय. मराठी समीक्षेने कलात्मक आणि समांतर चित्रपटांची दखल घेतली, तमाशापटांची घेतली, संतपटांचीही घेतली. मात्र ज्या चित्रपटात नायक वीस जणांना एकटा लोळवतो, त्याच्याविषयी गांभीर्याने लिहिणे हे अध्यापकवर्गाला काहीसे कमीपणाचे वाटत आले आहे. या चित्रपटप्रकारात गेल्या पाच दशकांत एक उपप्रवाह निर्माण झाला आहे. प्रदूषण, जंगलतोड, वन्यप्राण्यांची हत्या, मोबाइल मनोऱ्यांच्या लहरी अशा विषयांवर हे चित्रपट उच्चरवाने बोलतात. हाणामारी संपल्यावर नायक जवळजवळ प्रेक्षकांकडे तोंड करून निसर्गरक्षणाचा उपदेश करतो. या उपदेशावर घेतला जाणारा ठरलेला आक्षेप असा, की तो प्रचारकी आहे, बटबटीत आहे, कलाकृतीच्या अंगातून उमललेला नाही.

हा आक्षेप खरा असला तरी तो चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. उपदेश उघडपणे केला जातो, हा या चित्रपटांचा मूळ दोष नव्हे. उपदेश एक सांगतो आणि हाणामारी नेमके त्याच्या उलट सांगते, हा मूळ दोष होय. या विधानाची तपासणी करण्यासाठी काही परदेशी व भारतीय चित्रपटांचा आधार घेतला असून, शेवटी नामपूरपासून तीसेक किलोमीटर अंतरावरील मालेगावात निर्माण झालेल्या एका अल्पखर्ची चित्रपटाचा विचार केला आहे. तो स्थानिक आहे म्हणून त्याचे कौतुक करावे असा हेतू नाही. जो पेच कोट्यवधींच्या चित्रपटांना सुटला नाही, त्याचे एक उत्तर या चित्रपटात सापडते, म्हणून तो निवडला आहे.

बोधवादाचा जुना वाद

कलेने उपदेश करावा की करू नये, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आपल्या पदव्युत्तर वर्गांत आजही शिकवला जातो. परंतु त्या वादाच्या चौकटीत लोककला आणि भक्तिपरंपरा फारशी आलीच नाही. कीर्तन, भारूड, सत्यशोधकी जलसा, आंबेडकरी जलसा या साऱ्या प्रकारांत संदेश झाकून ठेवण्याची चालच नाही. श्रोता उपदेश ऐकायलाच येतो आणि तो स्पष्ट शब्दांत मिळाला नाही तर त्याची निराशा होते.

गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) उदाहरण या संदर्भात महत्त्वाचे वाटते. स्वच्छता, व्यसनमुक्ती, प्राणिहत्याविरोध हे त्यांच्या कीर्तनाचे विषय आज आपण ज्याला पर्यावरणविचार म्हणतो त्याच्या अगदी जवळचे होते. त्यांचे कीर्तन सौम्य नव्हते. ते श्रोत्यांना थेट प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून घेत, प्रसंगी त्यांना झोडपतही. तरीही त्या कीर्तनाला कोणी 'प्रचारकी' म्हटल्याचे स्मरत नाही. कारण गावात आल्यावर बाबा प्रथम खराटा हाती घेत, दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. रात्रीच्या शब्दांना दिवसाच्या कृतीचा आधार होता. कृती आणि उपदेश एकाच दिशेने जात असतील तर उपदेश कितीही उघड असला तरी तो खुपत नाही. पुढील चित्रपटांना हीच कसोटी लावून पाहावयाची आहे.

वीररसाची अडचण

हाणामारीच्या चित्रपटाचा स्थायीभाव उत्साह आहे, म्हणजेच त्याचा रस वीर आहे. प्रदूषण हा विषय मात्र स्वभावतः बीभत्साचा. त्याचा स्थायीभाव जुगुप्सा. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात बीभत्सातून भयानकाची आणि वीरातून अद्भुताची उत्पत्ती सांगितली आहे. ही मांडणी या चित्रपटांना विलक्षण लागू पडते. सडलेली नदी, काळा धूर, मेलेले पक्षी हे दाखवून चित्रपट प्रेक्षकाला भयाच्या उंबरठ्यापर्यंत आणतो. तेथून पुढे वीररस सुरू होतो आणि प्रेक्षक भयाकडे न जाता अद्भुताकडे वळवला जातो. तो चित्रपटगृहातून बाहेर पडतो तो उडत्या मोटारी आणि स्फोट आठवत. नदी मागे राहते.

याहून मोठी अडचण खलनायकाची आहे. वीराला प्रतिस्पर्धी लागतो आणि त्या प्रतिस्पर्ध्याला शरीर लागते. मूठ कोणाच्या तरी जबड्यावर पडली पाहिजे. प्रदूषणाला जबडा नसतो. आपल्या मोसम नदीचेच उदाहरण घेऊ. बागलाणच्या पश्चिम डोंगरात उगम पावून, हरणबारी धरण ओलांडून ही नदी नामपूरवरून मालेगावला जाते व पुढे गिरणेला मिळते. या प्रवासात तिचे पाणी कोण अडवतो, कोण उपसतो, शेतातील औषधांचा अंश तिच्यात कसा उतरतो, वाळू कोण नेते, गावांचे सांडपाणी कोठे सोडले जाते, या प्रश्नांची उत्तरे द्यायची झाल्यास आरोपींच्या यादीत आपल्यापैकी बहुतेकांची नावे येतील. अशा यादीतून हाणामारीचा चित्रपट निघत नाही. म्हणून पटकथाकार सर्वांचा अपराध गोळा करून एका माणसाच्या माथी मारतो. तो कधी तेलकंपनीचा मालक असतो, कधी तस्कर तर कधी मंत्री. शेवटी त्याला ठार केले जाते. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, कारण शिक्षा झाली आणि ती आपल्याला झाली नाही. त्यानंतर नायक 'आपण सर्वांनी बदलले पाहिजे' असे सांगू लागतो, तेव्हा ते वाक्य पोकळ वाटते. नुकतेच दोन तास चित्रपटाने हेच पटवलेले असते, की बदलण्याची गरज त्या एका माणसाला होती.

काही परदेशी दाखले

या दोषाचा सर्वांत ठळक नमुना म्हणून स्टीव्हन सिगल यांच्या 'ऑन डेडली ग्राउंड' (१९९४) या अमेरिकी चित्रपटाकडे बोट दाखवता येईल. दिग्दर्शक आणि नायक दोन्ही तेच. अलास्कातील तेलकंपनीचा लोभी प्रमुख मायकेल केन यांनी रंगवला आहे. त्याच अलास्काच्या किनाऱ्यावर १९८९ साली एक्सॉन वाल्डेझ या जहाजातून प्रचंड तेलगळती झाली होती, त्यामुळे विषय निराधार नव्हता. चित्रपटाच्या शेवटी नायक तेलशुद्धीकरणाचा अवाढव्य प्रकल्प स्फोटाने उडवून देतो आणि लगेच पुढच्या प्रसंगात स्वच्छ इंधन व कंपन्यांच्या लोभावर दीर्घ भाषण करतो. तेलाचा एवढा साठा पेटल्यावर आसमंताचे काय झाले असेल, हा प्रश्न पटकथेला पडत नाही. समीक्षकांनी त्या भाषणाची थट्टा केली. वास्तविक त्या भाषणातील बरेच म्हणणे योग्य होते. थट्टेला पात्र होता तो आधीचा स्फोट.

'सुपरमॅन ४' (१९८७) या चित्रपटात सुपरमॅन जगभरची अण्वस्त्रे गोळा करून सूर्यात फेकून देतो. येथेही तीच सोय आहे. राष्ट्रांनी करावयाचे काम एका उडत्या माणसाने उरकून टाकले.

योशिमित्सु बान्नो दिग्दर्शित 'गॉडझिला विरुद्ध हेडोरा' (१९७१) हा जपानी चित्रपट मात्र थोडा वेगळा आहे. जपानी भाषेत 'हेडोरो' म्हणजे गाळ. त्या नावाचा राक्षस कारखान्यांचे सांडपाणी आणि धुराड्यांतील धूर खाऊन वाढतो. संदेश इतका उघड आहे, की लहान मुलालाही समजावा, आणि तो मुलांसाठीच होता. त्याच्या आदल्या वर्षी, १९७० साली, जपानी संसदेने एकाच अधिवेशनात प्रदूषणविषयक चौदा कायदे संमत केले होते. म्हणजे चित्रपट समाजात चालू असलेल्या चर्चेला चित्ररूप देत होता. त्याचे वेगळेपण असे, की येथे खलनायक कोणी लोभी शेठ नसून घाण स्वतःच आहे. घाणीला शरीर देण्याची ही युक्ती ओबडधोबड खरी, पण अपराध एका माणसावर ढकलण्यापेक्षा प्रामाणिक आहे. मालेगावच्या चित्रपटाकडे वळताना हेडोराची आठवण ठेवावी लागेल.

'२.०' : पर्यावरणप्रेमीच खलनायक

भारतीय चित्रपटांत विद्युत जामवाल यांचा 'जंगली' (२०१९) हस्तिदंताच्या तस्करीवर होता. त्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हत्ती सुंदर आहेत, तस्कर दुष्ट आहेत आणि नायकाचे शरीर कमावलेले आहे. शंकर दिग्दर्शित '२.०' (२०१८) मात्र सविस्तर विचारास पात्र आहे, कारण त्यात वर सांगितलेला विरोध टोकाला गेला आहे.

या चित्रपटात पक्षिराजन नावाचे वृद्ध पक्षितज्ज्ञ आहेत. अक्षय कुमार यांनी ती भूमिका केली असून वेशभूषा डॉ. सालिम अली यांची आठवण व्हावी अशी योजली आहे. मोबाइल मनोऱ्यांच्या लहरींमुळे पक्षी मरतात असे त्यांचे म्हणणे. ते सरकारकडे, कंपन्यांकडे, न्यायालयाकडे, सामान्य माणसांकडे जातात. कोणी ऐकत नाही. अखेर ते एका मनोऱ्यावर गळफास घेतात आणि मृत्यूनंतर शहरातील सारे मोबाइल संच हवेत उडवून सूड घेऊ लागतात. त्यांचा पराभव करण्यासाठी रजनीकांत यांचा यंत्रमानव चिट्टी पुन्हा जोडला जातो.

चित्रपटातील सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे पक्षिराजन यांची पूर्वकथा. दारोदार फिरणारा, हसे झालेला म्हातारा पाहताना प्रेक्षक खरोखर अस्वस्थ होतो. ज्या ज्या कार्यकर्त्याने एखाद्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या असतील त्याला हा भाग आपला वाटेल. परंतु चित्रपटाच्या रचनेला खलनायक हवा आहे, आणि ती जागा याच म्हाताऱ्याला दिली जाते. पुढे तर त्याचे पक्षिप्रेम हेच त्याच्या पराभवाचे साधन होते. कबुतरांच्या पाठीवर बसलेले सूक्ष्म यंत्रमानव त्याला नमवतात. शेवटी शास्त्रज्ञ वसीगरन सांगतात, की पक्षिराजन यांचे म्हणणे बरोबर होते, मार्ग चुकला. म्हणजे निसर्गाच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाला तंत्रज्ञानाने चिरडायचे, आणि नंतर त्याचेच म्हणणे योग्य होते असे भाषण करायचे. संदेश ऐकू येतो तो पक्ष्यांचा, विजय होतो तो यंत्राचा.

दुसरा प्रश्न तथ्याचा आहे. प्रदर्शनाच्या सुमारास दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने या चित्रपटाविरुद्ध तक्रार केली होती. तक्रारीमागील हितसंबंध उघड असले तरी मोबाइल लहरींनीच पक्षी नाहीसे होत आहेत, हे विधान संशोधनाने निर्विवाद सिद्ध झालेले नाही, हेही नमूद केले पाहिजे. चिमण्या कमी होण्यामागे घरांच्या बांधणीतील बदल, घरट्यांना न उरलेल्या जागा, कीटकनाशकांमुळे पिलांसाठी न मिळणाऱ्या अळ्या अशी अनेक कारणे अभ्यासकांनी मांडली आहेत. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी जे काम उभे केले, ज्यातून २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला, त्यात घरटी आणि दाणापाण्याची भांडी यांवर भर आहे. त्या कामात कोणाला ठार मारण्याची सोय नाही. खुद्द सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या विणीचा जो अभ्यास केला, तो महिनोन्‌महिने निश्चल बसून केलेल्या निरीक्षणावर उभा होता. असा माणूस हाणामारीच्या चित्रपटात घ्यायचा तर त्याला आधी मारून भूत करावे लागते. (सालिम अलींनी नमुने गोळा करण्यासाठी पक्षी टिपलेही होते. ही गुंतागुंत अर्थातच पटकथेला झेपणारी नव्हती.)

'२.०' प्रदर्शित झाला त्याच नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अवनी ही वाघीण गोळी घालून मारली गेली. त्या प्रकरणाशी साधर्म्य असलेला अमित मसुरकर यांचा 'शेरनी' (२०२१) हाणामारी टाळतो आणि अपराध वनखाते, राजकारणी, शिकारी, गावकरी अशा सर्वांत वाटून देतो. तो चांगला चित्रपट आहे, पण त्याचा प्रेक्षक वेगळा. शिटी वाजवणाऱ्या प्रेक्षकापुढे हा विषय नेताच येणार नाही काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

'मालेगाव का सुपरमॅन'

मोसमच्या दोन्ही काठांवर वसलेले मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. तेथे लाखाहून अधिक माग आहेत. कापसाचे तंतू हवेत असतात, सायझिंगच्या भट्ट्यांत नको ते जाळल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून वारंवार येतात आणि नदीची अवस्था पुलावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. बाहेरच्या महाराष्ट्राला हे शहर दंगली आणि २००६ व २००८ सालच्या स्फोटांमुळे माहीत झाले. मागांना शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीचा दिवस सिनेमाचा.

याच शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' (२०००) हे विडंबन तयार केले आणि त्यातून स्थानिक चित्रपटांची एक परंपराच सुरू झाली. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. फैझा अहमद खान यांनी त्या निर्मितीवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली केला. तो भारतातील चित्रपटगृहांत २०१२ साली आला. पुढील विवेचन मुख्यतः या माहितीपटात दिसणाऱ्या प्रसंगांवर आधारलेले आहे.

या चित्रपटातील खलनायकाला घाणीवर प्रेम आहे. साऱ्या गावात घाण व्हावी, लोकांनी तंबाखू खावी, थुंकावे, अशी त्याची इच्छा आहे. संदेशाचा बटबटीतपणा म्हणतात तो हाच. 'ऑन डेडली ग्राउंड'मधील भाषण याच्यापुढे संयत वाटावे. तरीही तो खुपत नाही. असे का होते?

एक कारण नायकाच्या शरीरात आहे. सुपरमॅनची भूमिका शफिक शेख या कृश अंगकाठीच्या यंत्रमाग कामगाराने केली. हिरव्या कापडापुढे त्याला आडवे धरून उडवले जाते. अमेरिकी सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून आलेला, त्यामुळे पृथ्वीवरच्या घाणीचा त्याला संसर्ग नाही. मालेगावचा सुपरमॅन त्याच गल्लीतला. ज्या हवेविरुद्ध तो लढतो तीच हवा त्याच्या छातीत आहे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही, ते पडद्यावर दिसते. येथे वीराचे शरीर उपदेशाला खोडून काढत नाही, त्याची साक्ष देते. गाडगेबाबांच्या खराट्याची कसोटी येथे वेगळ्या रीतीने उतरते.

दुसरे कारण हास्याचे. अनुकरणातून हास्य निर्माण होते, हे भरतांनी सांगितलेच आहे. वीराचे अनुकरण केले की वीररसाची हवा निघून जाते आणि त्याबरोबर अद्भुताकडे पळण्याची वाटही बंद होते. प्रेक्षक सुपरमॅनला हसतो, खलनायकाला हसतो, आणि तो खलनायक ज्यांना 'आपली माणसे' समजतो त्या थुंकणाऱ्यांना, म्हणजे स्वतःलाही हसतो. घाणीवर प्रेम करणारा हा खलनायक वस्तुतः हेडोराचा गरीब नातेवाईक आहे. तो कोणत्याही एका कारखानदाराचे चित्र नाही. गावाची सवय हीच त्याच्या रूपाने उभी केली आहे. त्यामुळे अपराध एकाच्या माथी मारूनही इतरांची सुटका होत नाही.

या चित्रपटाला मर्यादा आहेत. थुंकणाऱ्याला तो हसतो, पण गुटख्याच्या धंद्यातून कोणाला पैसा मिळतो, माग आणि भट्ट्या कोणाच्या मालकीच्या आहेत, हे तो विचारत नाही. कामगाराने कामगाराची सवय सुधारावी एवढ्यावर थांबणे हे थोडे सोयीचेच आहे. शिवाय वरचे आणि खालचे गाव यांचा संबंध त्यात येत नाही. मोसमचे पाणी मालेगावात पोहोचते ते आधी बागलाणातून वापरून झालेले असते, ही गोष्ट नामपूरच्या वाचकाने स्वतःच जोडून घ्यावी लागते.

माहितीपट आपल्याकडील चित्रपटगृहांत येण्यापूर्वीच शफिक शेख यांचे तोंडाच्या कर्करोगाने तरुण वयात निधन झाले. माहितीपट प्रदर्शित झाला जून २०१२ अखेर. त्यानंतरच्या जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण आज तो माहितीपट पाहताना पडद्यावरील सडपातळ तरुण तंबाखूविरुद्ध लढताना दिसतो आणि पुढे काय झाले हे आपल्याला ठाऊक असते. विनोद होता तोच असतो, पण हसणे पूर्वीसारखे राहत नाही. बीभत्सातून भयाकडे जाणारी जी वाट मोठ्या चित्रपटांनी बुजवली, ती येथे कोणी न योजता उघडी झाली.

रीमा कागती यांच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' (२०२४, चित्रपटगृहांत २०२५) या कथापटात हाच इतिहास पुन्हा सांगितला आहे. चित्रपट देखणा आहे, मैत्रीचे आणि लेखक-दिग्दर्शकांतील ताणाचे चित्रण सरस आहे. परंतु त्यात क्रम बदलला आहे. तेथे मित्राला असाध्य आजार झाल्याचे कळल्यावर त्याच्यासाठी सुपरमॅनचा चित्रपट काढला जातो. माहितीपटातून दिसणारा क्रम उलट आहे. चित्रपट आधी झाला, तंबाखू आणि घाण यांच्याविषयी जे सांगायचे ते थट्टेने सांगून झाले, आणि आजार नंतर आला. कथापटाने केलेल्या या बदलामुळे प्रसंग अधिक हृद्य झाला यात शंका नाही. मात्र त्यासाठी दिलेली किंमत लक्षात घ्यावी लागेल. शफिकचा आजार आता त्याच्या एकट्याच्या दैवाचा भाग होतो, आणि सुपरमॅन ज्याच्याशी लढत होता तो घाणीचा प्रेमी मित्रांच्या गोष्टीत मागे पडतो. बटबटीत संदेश काढून टाकल्याने चित्रपट सुबक झाला, आणि मालेगावची हवा त्यात केवळ पार्श्वभूमीच्या रंगापुरती उरली.